गुऱ्हाळाच्या घाण्याला हेलिकल गिअरबॉक्स: एका हंगामानंतर

दिवाळीच्या तोंडावर आमच्या ऊस गाळायच्या घाण्याला हेलिकल, म्हणजे तिरक्या दात्यांचा, गिअरबॉक्स बसवला. मार्चअखेर रसाचं शेवटचं आधण (एका वेळी शिजवायचा घाट) उतरलं. म्हणजे पाच महिने, रोज बारा-चौदा तास चालला. आता घाणा खोलून ठेवलाय, तोवर लिहून टाकतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जो त्रास झाला त्यातला निम्मा आमच्याच हातचा होता.

आधीची मांडणी जुन्या पद्धतीची. २० एचपीची मोटर, १४४० आरपीएम. पट्ट्यानं ते ३६० वर यायचं. पुढं सरळ दात्यांची उघडी जोडी, १७ आणि ८५ ची, तिथं ७२. मग १४ आणि ८४ ची दुसरी जोडी आणि ऊस पिळणारी लाट मिनिटाला १२ फेरे. १७ दाते मिनिटाला ३६० वेळा फिरले की सेकंदाला १०२ ठोके होतात. घाण्याची ती कायमची घुरघुर म्हणजे हेच ठोके. सरळ दाता अख्ख्या रुंदीनं एकदम समोरच्यावर बसतो आणि एकदमच सुटतो. दाते झिजले, मधली फट वाढली की बसणं जाऊन आपटणं सुरू होतं.

शेजारच्या वस्तीवरून रात्री फोन यायचे ते वेगळंच, पण खरी अडचण गुळव्याची, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराची होती. आमचे गुळवे मामा पाक पाण्यात टाकून त्याची गोळी करतात आणि दगडावर आपटतात. टक्क वाजली की काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरवायची. बारा-पंधरा फुटांवर घाणा बोंबलत असताना ती टक्क ऐकायला कान जमिनीला लावायचा का? सरावानं चालायचं, पण दोनदा आधण करपलंही.

नव्या मांडणीत पहिली उघडी जोडी काढली आणि तिथं १० ला १ चा गिअरबॉक्स घातला. पट्टा ठेवला, फक्त पुल्या बदलून ७२० आरपीएमवर आणला. मोटर थेट कपलिंगनं जोडा असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. मी ऐकला नाही. उसाची मोळी वाकडी शिरून लाटा अडकल्या की पट्टा घसरतो आणि दाते वाचतात. हंगामात पाच-सहा वेळा तरी घसरला असेल. फक्त पुली गिअरबॉक्सच्या अंगाला जितकी जवळ बसेल तितकी बसवा, नाहीतर पट्ट्याच्या ओढीनं पुढची बेअरिंग जाते.

गिअरबॉक्सची बॉडी बिडाची (ओतीव लोखंडाची) घेतली. प्लेटा वेल्डिंग करून केलेला डबा स्वस्त पडत होता, पण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका दुकानात दोन्हींवर पान्यानं वाजवून बघितलं. डबा घंटेसारखा घुमला, बीड नुसतं ठप्प. बिडातलं ग्राफाइट कंप गिळतं, हे फाउंड्रीच्या गावात कुणाला सांगायला नको.

पहिल्या दिवशी मामा चुलाणापासून उठून आले. "मालक, पट्टा सुटला का काय? घाणा ऐकूच येईना." तिरका दाता एका टोकाकडून हळूहळू पकड घेतो आणि एका वेळी जास्त दाते भार वाटून घेतात, त्याचा हा गुण. काहिलीपाशी फोनच्या ॲपवर आधी ९४ डेसिबल दाखवत होतं, आता ८७. ॲपवर विश्वास किती ठेवायचा हा प्रश्न आहेच. पण फोन तोच आणि जागा तीच. साधारण १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे निम्म्याच्या जवळ आलो होतो.

तिसऱ्या आठवड्यात कुंईऽऽ असा बारीक सूर निघाला. उसाचा भार वाढला की वाढायचा, रिकामा चालवला की गायब. मी कंपनीला फोन करून भांडलो. त्यांचा माणूस आला, त्यानं काही न बोलता राहिलेल्या उघड्या जोडीच्या दात्यांना, कुठं टेकतात ते कळायला, निळा रंग लावून हातानं दोन फेरे दिले. डाग दात्याच्या एका कडेला, अंगठ्याएवढा. बाकी रुंदी कोरी.

चूक आमची होती. कंप कमी व्हावा म्हणून आमच्या फिटरनं गिअरबॉक्सच्या चार पायांखाली रबराचे पॅड घातले होते, आणि घाणा मात्र काँक्रीटला आवळलेला. भार आला की गिअरबॉक्स कलायचा आणि त्याच्या शाफ्टवरचं पिनियन (जोडीतलं लहान चाक) मोठ्या चाकाशी तिरकं व्हायचं. रबर घालायचंच तर दोघांच्या एकत्र फ्रेमखाली. पॅड काढले, तर चौथा पाय टेकेना. वेल्डिंगच्या उष्णतेनं फ्रेम पिळली होती. बोल्ट सैल करून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला तर ०.४ मिमी फट. तो पाय तसाच आवळला असता तर बॉडीच पिळली असती आणि आतल्या बेअरिंगांची रेघ गेली असती. फटीत शिम (पातळ पत्रे) घातले, फ्रेमखाली न आकसणारं ग्राउट (सिमेंटचा पातळ माल) ओतलं, वाळायला घाणा तीन दिवस बंद. ऊस तोडून पडलेला, त्यामुळे आबा माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. पण ॲप ८७ वरून ८३ वर आलं, गिअरबॉक्सला हात न लावता.

गिअरबॉक्सचं तेल ३२० ग्रेडचं (ग्रेड म्हणजे दाटपणा). पहिलं तेल महिन्याच्या आत बदला; आमच्या तेलात चमचमणारी भुकटी उतरली होती, नवे दाते एकमेकांत बसताना ती निघतेच. जास्त भरू नका, घुसळून फेस येतो आणि तापतं. आणि वरचा ब्रीदर (हवा जायचं झाकण) दर आठवड्याला झटका. चिपाडाचा भुसा त्यात बसला, आतली हवा कोंडली आणि सीलमधून तेल पाझरायला लागलं. मी सील खराब म्हणून नवा आणलासुद्धा, लागला नाही.

खटकलेली गोष्ट एकच. अडकलेला ऊस सोडवायला मोटर उलटी फिरवली की आत ठक् वाजतं. तिरक्या दात्यांचा शाफ्टच्या दिशेनं ढकलणारा जोर उलटतो आणि शाफ्ट बेअरिंगमधल्या ढिलाईएवढा सरकतो. मोटर पूर्ण थांबू देऊन मगच उलटी करायची, एवढंच पाळतो.

सगळं मिळून खर्च सव्वा लाखाच्या आत बसला. आता राहिलाय तो दुसऱ्या जोडीचा खडखडाट, सेकंदाला सतरा-एक ठोके. कानापेक्षा तळपायाला जास्त कळतो. लाटांवरच्या दात्यांचं काही करता येत नाही, लाट वरखाली होते म्हणून ते लांब आणि ढिलेच हवेत. पण १४-८४ मध्ये ८४ ही १४ ची सहापट आहे, म्हणून पिनियनचा खराब दाता फिरून फिरून त्याच सहा दात्यांना खातो. नव्या चाकाचा पॅटर्न (ओतकामाचा साचा) ८५ दात्यांचा करायला टाकलाय. फाउंड्रीवाला म्हणाला, "एक दाता जादा कशाला, जुनाच पॅटर्न आहे की." त्याला १४ आणि ८५ चा हिशोब, म्हणजे खराब दाता आळीपाळीनं सगळ्याच दात्यांवर कसा जातो ते, कागदावर मांडून दाखवला. दोन्ही चाकांतलं अंतर अर्ध्या मोड्यूलनं (मोड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप) वाढणार, तेवढी जागा फ्रेमच्या खाचांत आहे. पावसाळ्यात बसवून घेईन.