हार्लेमला जावं की ईटनव्हिलला?

आफ्रोफ्युचरिझम, म्हणजे कृष्णवर्णीयांनी कथा, कॉमिक्स आणि संगीतातून रंगवलेलं भविष्य, जवळून पाहायचं तर अमेरिकेतल्या कुठल्या उत्सवाला जावं, हा प्रश्न. पहिली अडचण तारखांची आहे, म्हणून ती आधी सांगते. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातल्या शोमबर्ग सेंटरचा ब्लॅक कॉमिक बुक फेस्टिव्हल 2013 साली सुरू झाला आणि कित्येक वर्षं तो मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या आसपास, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर भरत असे. फ्लोरिडातल्या ईटनव्हिलचा झोरा फेस्टिव्हलही जानेवारीतलाच. दोन्ही गाठायचं म्हटलं की तारांबळ ठरलेली. त्यात शोमबर्गच्या तारखा अलीकडे सरकल्या आहेत. 2025 मध्ये संस्थेला शंभर वर्षं झाली, तेव्हा साहित्याचा आणि कॉमिक्सचा असे दोन्ही उत्सव एकत्र करून जूनमध्ये घेतले. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची तारीख बघून घ्या.

आता मुद्द्याकडे. आफ्रोफ्युचरिझम हा शब्द 1993 मध्ये मार्क डेरी या समीक्षकाने रुळवला. गोष्ट त्याहून बरीच जुनी आहे. ज्यांचा भूतकाळ गुलामगिरीत पुसला गेला, त्यांनी भविष्याची कल्पना कशाच्या बळावर करायची, हा त्यातला मूळ प्रश्न. अंतराळयानं, चमकती वस्त्रं, मुखवटे हे सगळं त्यानंतर येतं. 2018 च्या 'ब्लॅक पँथर' या मार्व्हलपटानंतर मात्र बऱ्याच जणांना फक्त वस्त्रं आठवतात. म्हणून मी कार्यक्रम निवडताना पोशाखांपेक्षा एकच गोष्ट बघते: मांडव उतरल्यावर तिथे काय उरतं?

शोमबर्गमध्ये बरंच काही उरतं. ही न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीची संशोधन शाखा आहे आणि तिच्याकडे 1 कोटी 10 लाखांहून अधिक वस्तू आहेत. पोर्तो रिकोत जन्मलेल्या आर्तुरो शोमबर्गना शाळेत एका शिक्षिकेने म्हणे सांगितलं होतं, की काळ्या लोकांना इतिहासच नसतो. या गृहस्थांनी मग जन्मभर पुरावे गोळा केले. पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं. तो संग्रह 1926 साली 10,000 डॉलरला ग्रंथालयासाठी घेतला गेला. इमारतीत शिरलात की सभागृहाबाहेरच्या फरशीवर नद्यांची एक गोल नक्षी दिसेल. तिच्याखाली कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी आहेत. उत्सवाच्या दिवशी अशा वास्तूत सुपरहीरोच्या वेशातली मुलं फिरत असतात, आणि ते जराही विसंगत वाटत नाही.

कॉमिक्स वाचणारं मूल घरात असेल तर हार्लेमच निवडा. टेबलांमागे बहुतेक छोटे, स्वतंत्र प्रकाशक आणि चित्रकार स्वतः बसलेले असतात. पुस्तक ज्याने काढलं त्याच्याच हातून ते घेता येतं, आणि हे पात्र असं का काढलं, हेही त्यालाच विचारता येतं. सोबत परिसंवाद आणि वेशभूषा. कार्यक्रम आजवर मोफत होत आला आहे, पण नाव आधी नोंदवावं लागतं आणि गर्दी चांगलीच असते. न्यू जर्सीतल्या एडिसनकडून येणाऱ्यांना सोपं आहे: पेन स्टेशनला उतरायचं, तिथूनच 2 किंवा 3 नंबरची सबवे पकडायची आणि 135 व्या रस्त्याला उतरायचं. इमारत समोरच.

मराठी माणसाला इथे एक जादा कारणही आहे. बाबासाहेब 1913 ते 1916 ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते इथून चालत अर्ध्या तासावर. (शोमबर्गचा संग्रह तेव्हा इथे आलेला नव्हता, हे खरं.) फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांना, आणि 1972 मध्ये मुंबईतल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव घेतलं तेही तिकडच्या ब्लॅक पँथर पक्षावरूनच. तेव्हा आपण अगदीच परके पाहुणे म्हणून जात नाही.

ईटनव्हिलची तऱ्हा वेगळी. ओरलँडोच्या उत्तरेला लागूनच असलेलं हे चिमुकलं गाव 1887 मध्ये कृष्णवर्णीयांनी स्वतःची नगरपालिका म्हणून स्थापन केलं. अमेरिकेतल्या अशा पहिल्या काही गावांपैकी एक. लेखिका झोरा नील हर्स्टन इथे वाढली. 1980 च्या दशकाच्या अखेरीला काउंटीने गावातून जाणारा केनेडी बुलेव्हार्ड पाच पदरी करायचं ठरवलं. तसं झालं असतं तर गाव मधोमध चिरलं गेलं असतं. ते अडवायला जी संघटना उभी राहिली, तिनेच 1990 मध्ये झोराच्या नावाने उत्सव सुरू केला. आज त्याच रस्त्यावर स्टॉल लागतात. भविष्य कसं असावं याची कल्पना करून ते खरोखर वसवलेलं आणि नंतर राखलेलं गाव पाहायचं असेल, तर याच्या तोडीचं ठिकाण मला माहीत नाही. लढा तिथेच संपला नाही: गावातल्या हंगरफोर्ड शाळेच्या सुमारे 100 एकर जमिनीची विक्री विरोधानंतर 2023 मध्ये बारगळली.

पण एक सावधगिरी. इथे आफ्रोफ्युचरिझम हा विषय 2020 ते 2024 या पाच वर्षांच्या पर्वाचा होता. व्याख्यानं आणि परिषद त्याभोवती गुंफलेली होती. ते पर्व आता सरलं. तेव्हा केवळ विज्ञानकथेसाठी एवढ्या लांब जाणार असाल तर कार्यक्रमपत्रिका आधी वाचा. गाडी भाड्याने घ्यावीच लागेल, काही कार्यक्रमांना तिकीट असतं, आणि झोराच्या नावाचं कलासंग्रहालय अगदी लहान आहे. अर्ध्या तासात पाहून होतं. मोठ्या गोष्टी बघायची सवय असलेल्या मुलांना तिथे कंटाळा येईल.

फिलाडेल्फियाबद्दल थोडक्यात. तिथला कृष्णवर्णीय कॉमिक्सचा मेळावा 2002 पासूनचा, म्हणजे हार्लेमपेक्षा जुना, आणि या क्षेत्रातले ग्लिफ पुरस्कार तिथेच दिले जात आले. शिवाय आपण शनी ग्रहावरून आलो असं सांगणाऱ्या सन रा या जाझ संगीतकाराचा वाद्यवृंद 1968 पासून याच शहरातल्या जर्मनटाउन भागातल्या एका घरात राहत आला. त्याचं नेतृत्व करणारे मार्शल ॲलन यांनी 2024 मध्ये शंभरी गाठली. कॉमिक्सपेक्षा संगीत जवळचं असेल, तर हार्लेम सोडून इकडे वळण्यात काहीच चूक नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला हार्लेम. ईटनव्हिलसाठी वेगळी सहल आखू नका. मुलांना घेऊन ओरलँडोला जाणारच असाल, तर डिस्नेतला एक दिवस कमी करा आणि केनेडी बुलेव्हार्डवरून चालत जा. उत्सव नसला तरी चालेल.