स्प्रिंगचे लाइफसायकल कॉलबॅक: काही महिने प्रॉडक्शनवर वापरल्यानंतर

आमची पेमेंट सर्व्हिस स्प्रिंग बूट ३ (जावाचा फ्रेमवर्क) आणि जावा १७ वर आहे. लाइफसायकल कॉलबॅक म्हणजे ॲप सुरू किंवा बंद होताना स्प्रिंग आपणहून बोलावतं त्या मेथड. जुन्या व्हर्जनवरून या व्हर्जनवर येताना पॅकेजच्या नावांत 'जावाएक्स'चं 'जकार्ता' करावं लागलं, ते इम्पोर्ट बदलून पटकन उरकलं.

पोस्टकन्स्ट्रक्ट (सुरू होतानाचा कॉलबॅक) चांगलंच आहे. बीनला (स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट) तिच्या डिपेंडन्सी, म्हणजे लागणारे इतर ऑब्जेक्ट, मिळाल्या की लगेच चालतं, छोट्या तपासण्यांना अगदी योग्य. पण त्यात ट्रान्झॅक्शनलवर विसंबू नका, कारण तोवर ट्रान्झॅक्शन सांभाळणारी प्रॉक्सी (बीनभोवतीचं वेष्टण) मध्ये आलेली नसते. मास्टर डेटाही तिथे लोड करू नका. तोवर वेब सर्व्हर उठलेला नसतो, कुबरनेटीसची (ॲप चालवणारी, सांभाळणारी यंत्रणा) लाइव्हनेस प्रोब, म्हणजे ॲप जिवंत आहे का ही तपासणी, फेल होते आणि पॉड (ॲपची चालू प्रत) परत परत रीस्टार्ट होतो. हे काम आम्ही ॲप्लिकेशनरनरमध्ये (ॲप उठल्यावर चालणारा कोड) हलवलं: लाइव्हनेस ठीक दिसते आणि लोड पूर्ण होईपर्यंत रेडीनेस (रिक्वेस्ट घ्यायला तयार असल्याची खूण) येत नाही. हवं तेच.

खरी कसोटी बंद होताना लागते. रांगेतून मेसेज उचलणारा आमचा स्वतःचा वर्कर आहे. डिप्लॉयमेंटच्या वेळी हातातलं पेमेंट अर्धवट राहणं परवडत नाही. नुसत्या प्रीडिस्ट्रॉयऐवजी (बीन मोडताना चालणारा कॉलबॅक) त्याला स्मार्टलाइफसायकल (स्टार्ट-स्टॉप क्रमाने करू देणारा स्प्रिंगचा इंटरफेस) लावलं आणि त्या दिवसापासून मी निवांत आहे. कॉन्टेक्स्ट (सगळ्या बीन्स सांभाळणारा स्प्रिंगचा कंटेनर) बंद होताना आधी सगळ्यांचे स्टॉप चालतात, बीन्स नंतर मोडल्या जातात. त्यामुळे वर्कर काम आवरतो तेव्हा डेटाबेस कनेक्शनचा पूल शाबूत असतो. फेज म्हणजे थांबण्याचा क्रम ठरवणारा आकडा; तो जितका मोठा, तितकी ती बीन आधी थांबते.

इथे दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. इझरनिंग (चालू आहे का ते सांगणारी मेथड) 'फॉल्स' परतवत असेल तर स्टॉप बोलावलंच जात नाही, एरर नाही, काही नाही. आणि स्टॉपला मिळालेला कॉलबॅक काम संपल्यावर रन केलाच पाहिजे; नाही केला तर स्प्रिंग टाइमआउट होईपर्यंत वाट बघत बसतं.

तो टाइमआउट डीफॉल्टने ३० सेकंद, तोही प्रत्येक फेजला वेगळा. कुबरनेटीसची पॉड बंद करायची मुदतही डीफॉल्टने ३० सेकंदच, पण ती सगळी मिळून, प्रीस्टॉप हुक (बंद करण्याआधी चालणारी कमांड) धरून. ती संपली की सिगकिल, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने बंद, मग कुठलाच कॉलबॅक चालत नाही. आम्ही फेजचा टाइमआउट कमी केला आणि पॉडची मुदत वाढवली.

एक तक्रार आहेच. प्रोटोटाइप बीनवर (दर वेळी मागितली की नवी बनते ती) प्रीडिस्ट्रॉय लिहिलं तरी कंटेनर ते बोलावत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, मान्य, पण स्टार्टअपला लॉगमध्ये एक वॉर्निंग तरी यायला हवी होती. सॉकेट किंवा फाइल उघडी ठेवणारी बीन असेल तर क्लोज तुम्हालाच बोलवावं लागेल.