मेंदूची आठ भागांची प्रतिकृती: वर्गात कितपत उपयोगी?

पदवीच्या मानसशास्त्राच्या वर्गासाठी घेतलेली, प्रत्यक्ष आकाराची आणि आठ भागांत सुटी होणारी ही प्लास्टिकची प्रतिकृती मी एक सत्रभर वापरली. माझी कसोटी एकच होती: माणसांविषयीचा विचार आणि वस्तूंविषयीचा विचार मेंदूत कुठे चालतो, हे तिच्यावर बोट ठेवून दाखवता येते का?

दोन अर्धगोल वेगळे केले की पहिली जमेची बाजू दिसते. स्वतःबद्दल किंवा दुसऱ्याबद्दल विचार करताना सक्रिय होणारे मेडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि प्रीक्युनिअस हे भाग आतल्या, समोरासमोरच्या पृष्ठभागांवर असल्यामुळे बाहेरून दिसत नाहीत. इथे ते ठसठशीत उमटले आहेत.

खरी पंचाईत कानाच्या वर आणि किंचित मागे, टेम्पोरो-पॅरायटल जंक्शनपाशी, म्हणजे टेम्पोरल आणि पॅरायटल हे मेंदूचे दोन खंड जिथे मिळतात तिथे, होते. वर्गात मी विचारते: बंड्याने लाडू डब्यात ठेवला, तो खेळायला गेल्यावर ताईने तो फडताळात हलवला, तर परत आलेला बंड्या लाडू कुठे शोधेल? लगेच दुसरा प्रश्न: डब्यातल्या लाडवाचा फोटो काढून मग लाडू हलवला, तर फोटोत तो कुठे दिसेल? दोन्हींत कालबाह्य झालेली माहितीच ध्यानात धरावी लागते, पण एकीकडे ती माणसाच्या मनात असते आणि दुसरीकडे कागदावर. रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर या मेंदू-संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या एफएमआरआय (रक्तप्रवाहातील बदलांवरून मेंदूचा सक्रिय भाग दाखवणारे स्कॅन) अभ्यासात हे जंक्शन फोटोच्या गोष्टींपेक्षा मनातल्या गैरसमजाच्या गोष्टींना अधिक प्रतिसाद देताना आढळला. प्रतिकृतीत दोन तुकड्यांचा सांधा नेमका इथूनच गेला आहे, आणि महिन्याभरात तो सैल पडून तिथे फट दिसू लागली. विक्रेत्याने सुटा भाग बदलून दिला नाही.

हालचाल, संवेदना, वाणी आणि दृष्टी यांच्या क्षेत्रांना वेगवेगळे रंग आहेत. सामाजिक विचाराला नाही. ही उणीव मी मानत नाही, कारण हेच जंक्शन, विशेषतः उजवे, लक्ष अचानक दुसरीकडे वळवावे लागते तेव्हाही कामाला लागते, आणि त्यावर एकच शिक्का मारणे दिशाभूल करणारे ठरले असते. मात्र आकडेमोडीत सहभागी असलेली इंट्रापॅरायटल खाच इतकी उथळ ओतली आहे की मला ती पेन्सिलीने रेघ ओढून दाखवावी लागते. चेहरे ओळखण्याशी निगडित फ्युझिफॉर्म वळी तळाशी असल्याने दर वेळी अख्खा मेंदू स्टँडवरून उचलावा लागतो.

पंधरा-वीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला ही प्रतिकृती पुरते. मागच्या बाकावरून मात्र काही दिसत नाही. सांध्याला मी आतून चिकटपट्टी लावली आहे आणि सध्या तरी ती टिकून आहे.