मांडीला पट्टा बांधून सात महिने: वजन हलकं, हृदयाचं काम मात्र हलकं नाही

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पावसात स्कूटर घसरली आणि डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट (सांध्याची हाडं धरून ठेवणारा दोर), तुटलं. ऑपरेशन नीट झालं, पण टाके निघाल्यावर दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले तेव्हा धसकाच बसला. डावी मांडी वाळून गेली होती. फिजिओने गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटीमीटर वर टेप लावली. उजवी ४९, डावी साडेपंचेचाळीस. ते म्हणाले, "ताई, नवीन लिगामेंटवर एवढ्यात जड वजन टाकता येणार नाही आणि नुसत्या हलक्या व्यायामाने मांडी लवकर भरायची नाही. एक मधला रस्ता आहे. पण आधी तुमचं बीपी बघू."

ते शेवटचं वाक्य त्या वेळी मला विचित्र वाटलं. दुखणं गुडघ्याचं, मग बीपी कशाला? माझं वय ५२, चार वर्षं रोज सकाळी बीपीची गोळी घेते. सात महिने हा व्यायाम केल्यावर आज सांगते, बीपी बघितल्याशिवाय पट्टा बांधू न देणारा फिजिओ मिळाला हे माझं भाग्य.

मधला रस्ता म्हणजे रक्तप्रवाह आवळून केलेला व्यायाम. मांडीच्या अगदी वरच्या भागाला, जांघेजवळ, हवेचा रुंद पट्टा बांधायचा आणि ठरावीक दाबापर्यंत फुगवायचा. धमनीतून पायात रक्त येत राहतं, पण कमी. शिरांमधून परत जाणारं रक्त मात्र जवळपास अडतं. मग एरवी जेवढं वजन एकदाच कसंबसं उचलता येईल, त्याच्या फक्त २० ते ३० टक्के वजन घेऊन व्यायाम करायचा. स्नायूला प्राणवायू कमी पडतो, आत आम्ल साचतं आणि एरवी जड वजनालाच जागे होणारे तंतू एवढ्याशा वजनाला कामाला लागतात.

याची सुरुवात जपानमध्ये झाली. योशिआकी सातो हा अठरा वर्षांचा मुलगा १९६६ मध्ये एका बौद्ध विधीला गुडघे दुमडून बराच वेळ बसला होता. पोटऱ्या बधिर झाल्या, ताठरल्या, आणि भरपूर व्यायाम केल्यावर जशी रग लागते तशीच ही रग आहे असं त्याला जाणवलं. सत्यनारायणाच्या पूजेत मांडी घालून बसल्यावर आपल्यालाही मुंग्या येतात, आपण पाय झटकतो आणि प्रसादाला उठतो. सातो मात्र पुढची कित्येक वर्षं स्वतःच्या अंगावर पट्टे बांधून प्रयोग करत राहिले. १९७३ मध्ये स्कीइंग करताना त्यांचाच पाय मोडला, तेव्हा त्यांनी प्लास्टरमधल्या पायावरही हेच केलं. त्यांनी या पद्धतीला नाव दिलं कात्सु, म्हणजे दाब देणं.

आता माझी चूक सांगते. फिजिओकडचा पट्टा बघून मला वाटलं, एवढ्यासाठी रोज रिक्षाने कशाला जायचं? ऑनलाइन स्वस्तातले इलॅस्टिकचे अरुंद पट्टे मागवले. त्यांना काटा नाही, पंप नाही, ओढा आणि बकल लावा. दुसऱ्याच दिवशी मांडीवर निळाजांभळा वळ उठला आणि पाऊल गार पडलं. फिजिओने ते बघितलं आणि आजवर कधी बोलले नव्हते अशा आवाजात बोलले. पट्टा जितका अरुंद, तितका रक्त अडवायला दाब जास्त लागतो, आणि तो सगळा दाब एका चिंचोळ्या जागेवर येतो. शिवाय काटाच नसेल तर धमनी पूर्ण बंद झाली की अर्धी, हे कळणार कसं? ते पट्टे मी त्याच दिवशी टाकून दिले आणि साडेअकरा हजारांचा हातपंपाचा, काट्याचा, रुंद पट्टा घेतला. त्यात काही डिजिटल नाही. गेल्या सात महिन्यांत एकदाच व्हॉल्व्हमधून हवा गळायला लागली, वायसर बदलल्यावर थांबली.

दाब कसा ठरवतात तेही सांगते, कारण सगळं त्यावर आहे. मला पाठीवर झोपवून फिजिओने घोट्याच्या आतल्या बाजूला जेल लावलं आणि पेनाएवढा डॉप्लर टेकवला. खोलीत आवाज आला, सूंऽ सूंऽ सूंऽ, माझ्याच पायातल्या रक्ताचा. पट्टा फुगत गेला तसा आवाज बारीक होत गेला आणि १६८ वर थांबला. माझी धमनी पूर्ण बंद करणारा दाब तो. त्याच्या ६० टक्के धरून माझा व्यायामाचा दाब ठरला १००. साधारणपणे ४० ते ८० टक्क्यांच्या मधला दाब वापरतात. मैत्रिणीचा आकडा तुम्हाला चालणार नाही, कारण मांडीचा घेर, रक्तदाब, पट्ट्याची रुंदी, सगळ्यानेच तो बदलतो.

व्यायाम साधा आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करणे, आधी ३० वेळा, मग १५-१५ चे तीन सेट, प्रत्येकाच्या मध्ये ३० सेकंद थांबायचं आणि त्या वेळी पट्टा तसाच फुगलेला ठेवायचा. पहिल्या तीसमध्ये वाटतं, यात काय आहे. दुसऱ्या सेटला मांडी जळायला लागते. चौथ्या सेटचे शेवटचे पाच म्हणजे दात-ओठ खाऊन. घोट्याला दोन किलोचं वजन आणि अंगाला घामाच्या धारा.

या घामाचं कारण कळलं तेव्हा मला या व्यायामाकडे बघायची नजर मिळाली. पायात अडकलेलं रक्त हृदयाकडे परतत नाही, म्हणून हृदयाला प्रत्येक ठोक्यात ढकलायला रक्त कमी मिळतं. ते ठोके वाढवून भरपाई करतं. त्याच वेळी स्नायूत साचलेल्या आम्लाची वर्दी मज्जातंतूंमधून मेंदूला पोचते, मेंदू बाकीच्या अंगातल्या रक्तवाहिन्या आवळतो आणि रक्तदाब चढतो. वजन दोन किलो असलं तरी ही वर्दी दोन किलोची नसते. फिजिओने दोन्ही प्रकारे मोजून दाखवलं. बसल्या जागी माझं बीपी १२६/८०. पट्ट्याशिवाय तोच व्यायाम केल्यावर १४२/८४. दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून, चौथा सेट चालू असताना, दंडावर हाताने घेतलेलं बीपी १६६/९४, नाडी ११८. (घरातलं बटणाचं मशीन हालचालीत नीट दाखवत नाही, त्यावर विसंबू नका.)

हे आकडे बघून घाबरायचं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. फार जड वजनाला रक्तदाब याहून कितीतरी वर जातो. १९८५ मध्ये कॅनडात शरीरसौष्ठव करणाऱ्यांच्या धमनीत नळी घालून मोजलं, तेव्हा दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करताना सरासरी ३२०/२५० भरलं होतं. त्यात श्वास रोखून धरण्याचा मोठा वाटा. म्हणून माझ्या फिजिओचा एकच धोशा: पाय वर जाताना तोंडाने श्वास सोडा, मोठ्याने मोजा. मोजणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. मी अजूनही मोठ्याने मोजते, घरच्यांनाही आता तीसपर्यंतचे आकडे सवयीचे झालेत.

जपा ते पट्टा सोडताना. तिसऱ्या आठवड्यात मी हवा सोडली आणि फोन वाजला म्हणून लगेच उठले. डोळ्यांपुढे अंधारी आली, दाराची चौकट धरली म्हणून पडले नाही. अडलेला पाय मोकळा झाला की तिथल्या रक्तवाहिन्या एकदम पसरतात, रक्त तिकडे धावतं आणि वरचा दाब घसरतो. वर माझी बीपीची गोळी होतीच. तेव्हापासून हवा हळूहळू सोडते आणि पाच मिनिटं बसून राहते, मग दाराची बेल वाजो की कुकरची शिट्टी.

तोच रक्ताचा लोंढा धमन्यांच्या आतल्या अस्तरावर घासून जातो, आणि त्याने अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, वाहिन्या सैल होतात. प्राणवायूच्या टंचाईने नवीन केशवाहिन्या फुटायला मदत करणारी द्रव्यंही वाढतात. यावरून काही जण पट्ट्याने बीपी उतरतं असं छातीठोक सांगतात. मी तसं सांगणार नाही. माझं सकाळचं बीपी सात महिन्यांत १३२ वरून १२६ वर आलं खरं, पण त्याच काळात माझं चार किलो वजन उतरलं आणि रोजचं चालणं सुरू झालं. श्रेय पट्ट्याला देणं खोटं होईल.

मांडीचं श्रेय मात्र देते. आठवड्यातून तीनदा केलं. डावी आता ४८ आहे. जिना उतरताना कठडा धरत नाही. तीन महिन्यांनंतर डॉक्टरांनी जड वजनाला परवानगी दिली, तेव्हापासून पट्टा आठवड्यातून एकदाच, आणि ताकदीचा खरा फरक जड वजनानेच पडला हेही सांगते. पट्ट्याने मला तिथपर्यंत नेऊन पोचवलं.

धोक्याबद्दल: २००६ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिथल्या साडेबारा हजारांहून जास्त वापरणाऱ्यांची पाहणी छापली. त्वचेखाली रक्त साकळणं १३ टक्के जणांना, शिरेत गुठळी ०.०५५ टक्के. आकडा छोटा आहे, पण तिथे प्रशिक्षित माणसं शेजारी उभी होती. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, बीपी ताब्यात नसलेल्यांनी, गरोदर बायकांनी, सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असणाऱ्यांनी यापासून लांब राहावं. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल आहे, तिथल्या जिमवाल्यांनी हे आधी विचारायलाच हवं.

मागच्या रविवारी शेजारच्या काकू गुडघेदुखीसाठी माझा पट्टा मागायला आल्या. पोटरीवर हिरव्या, गाठीगाठीच्या फुगलेल्या शिरा. चहा दिला, पट्टा दिला नाही. सोमवारी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जाते आहे.