गादीच्या आत काय आहे ते बिलावर लिहून घ्या, आमची झाली तशी फसवणूक तुमची नको

आईची गादी 12 वर्षांची झाली होती, मधे इतका खड्डा पडलेला की ती रात्री कुशीवर वळायची तर आधी उठून बसायची आणि मग वळायची. म्हणून ठरवलं की यावेळी स्वस्त बघायचं नाही, एकदाच घ्यायची पण टिकाऊ घ्यायची. आणि तिथेच फसलो, कारण जास्त पैसे दिले की माल चांगलाच मिळणार असं आम्ही धरून चाललो होतो.

दुकानदाराने आधी कापलेला नमुना दाखवला. वर 5 सेंटिमीटर नॅचरल लेटेक्स, म्हणजे रबराच्या चिकापासून बनवलेला थर, त्याखाली 40 डेन्सिटीचा एचआर फोम, म्हणजे दाबला की पटकन वर येणारा, सगळ्यात खाली कडक थर. हात दाबून बघितला तर मस्त वाटत होतं. "ऑर्थोपेडिक आहे, पाठीला जेवढी कडक तेवढी चांगली, 10 वर्षं वॉरंटी." दादाने गादी उचलून बघितली, चांगली जड लागली, आम्हाला वाटलं भरीव माल आहे. बिलावर फक्त 'ऑर्थो मॅट्रेस, 8 इंच' एवढंच लिहिलेलं, ते मी वाचलं आणि खिशात टाकलं. ते बिल आज बघितलं की स्वतःचाच राग येतो.

सात-आठ महिन्यांत आई परत सकाळी कंबर धरून उठायला लागली. चादर काढून बघितलं तर ती झोपते तिथे खोलगट झालेलं, हात फिरवला की कळत होतं. तक्रार केली, खूप फोन केल्यावर एक माणूस आला, त्याने या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरी ताणली आणि मधे पट्टी उभी धरली. 2 सेंटिमीटर भरलं. म्हणाला वॉरंटीत 2.5 च्या पुढचाच खड्डा धरतात आणि तोही वर कोणी नसताना मोजायचा. आता रिकाम्या गादीचा फोम थोडा वर येतोच ना, माणूस झोपल्यावर किती दबतो ते कोण मोजणार? वर त्याला कोपऱ्यात पाण्याचा एक डाग दिसला, डाग असला तर वॉरंटी बाद. कार्डावर हे सगळं बारीक अक्षरात होतं, खोटं नव्हतं, पण घेताना कोणी एका शब्दाने बोललं नाही.

मग मी एका बाजूची शिवण ब्लेडने उसवली. वरचा थर फिक्कट पिवळा, लेटेक्ससारखीच भोकं असलेला, पण 5 नाही, 2.5 सेंटिमीटर. खरं लेटेक्स साच्यात बनतं आणि साच्यातल्या खिळ्यांमुळे त्याला भोकं पडतात, आमच्या थराला नुसती भोकं पाडली होती. त्याखाली पांढरा फोम, आणि सगळ्यात खाली निळे, गुलाबी, हिरवे, राखाडी असे फोमचे तुकडे चिकटवून दाबलेला जाड थर, ज्याला रिबॉन्डेड म्हणतात. दादाला जी गादी भरीव वाटली ते वजन या चुऱ्याचं होतं. रिबॉन्डेड वाईटच असतो असं नाही, खाली आधाराला चालतो, पण आम्हाला दुसरं काही सांगून हे विकलं.

डेन्सिटी म्हणजे 1 घनमीटर फोमचं वजन किती किलो. म्हणजे 10 सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच तुकडा घेतला तर 40 डेन्सिटीचा फोम 40 ग्रॅम भरायला हवा. मी पांढऱ्या फोमचा 10 बाय 10 बाय 5 चा तुकडा पट्टी धरून कापला, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. 20 ग्रॅम यायला हवे होते, 9 आले. दोनदा ठेवून बघितला, 9 च. म्हणजे 18 ची डेन्सिटी. असा फोम रोज तेवढ्याच जागी दबला की लवकर बसतो, म्हणून खड्डा. पिवळ्याचाही तुकडा मोजला, 10 बाय 10 बाय 2.5, 6 ग्रॅम. म्हणजे 24. खरं लेटेक्स साधारण 60 च्या पुढे असतं, तेवढ्या तुकड्याला 15 ग्रॅम तरी पाहिजेत.

आणि कडक म्हणजे टिकाऊ हेही डोक्यातून काढा. कडकपणा वेगळा आणि डेन्सिटी वेगळी, हलका फोमसुद्धा कडक बनवता येतो आणि सुरवातीला हाताला छान लागतो. काही जण फोममध्ये चुन्यासारखी पावडर मिसळून वजन वाढवतात, त्यामुळे नुसत्या वजनावरही जाऊ नका. पाठीचं म्हणाल तर 2003 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात एक अभ्यास छापून आला होता, कंबरदुखीच्या 313 लोकांवर, त्यात एकदम कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपलेल्यांना जास्त आराम पडला. आईला आम्ही सगळ्यात कडक घेऊन दिली होती. ऑर्थोपेडिक हा शब्द कव्हरवर छापला म्हणून आतला माल बदलत नाही.

दुकानदाराकडे ते तुकडे घेऊन गेलो तर म्हणाला, "बिलावर लेटेक्स कुठे लिहिलंय?" त्याचं बरोबर होतं, कुठेच नव्हतं लिहिलेलं. आमच्याकडे बोलायला काही उरलं नाही.

परत गादी घ्यायला गेलो तेव्हा तो 9 ग्रॅमचा तुकडा सोबत घेतला. झिप असलेलं कव्हर मागितलं आणि नमुन्याची नाही, जी घरी येणार तीच गादी उघडून दाखवा म्हटलं. प्रत्येक थर कशाचा, किती सेंटिमीटरचा, डेन्सिटी किती, आणि वॉरंटीत किती खड्डा धरणार, हे बिलावर लिहून द्या म्हणून सांगितलं. पहिल्या दुकानात "असं कोणी लिहून देत नाही" म्हणाले, आम्ही तिथूनच उठलो. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्याने गादीची झिप उघडली, तुकडा हातात घेऊन बघितला आणि न बोलता बिलबुक पुढे ओढलं.