दिवसभराची बोटसफर आणि बेटावरचं पोहणं: पैसे वसूल होतात का?

अर्ध्या दिवसाच्या सफरीपेक्षा ही नक्कीच चांगली, पण बोट सकाळी लवकर सुटणारी हवी. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, लाटा चढतात, उथळ पाणी गढूळ होतं आणि परतताना बोट सारखी आपटत राहते. म्हणून पोहणं आधी, जेवण नंतर, असा क्रम ठेवणारे सफरवालेच निवडा.

बुकिंग करताना पाण्यात प्रत्यक्ष किती तास मिळतात ते विचारा. जाहिरातीतला बराचसा वेळ प्रवासातच जातो. बोटीला शिडी आहे का, हेही. शिडीशिवाय दमलेल्या माणसाला वर घेणं फार कठीण असतं. लाइफ जॅकेट माणशी एक हवं, मुलांसाठी त्यांच्या मापाचं. पट्टे आवळल्यावर खांद्यांना धरून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा.

बोट लागत असेल तर मधोमध किंवा थोडं मागे बसा, पण इंजिनाच्या धुरात नको. नजर क्षितिजावर. उलटीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

इंजिन बंद झाल्याशिवाय पाण्यात उतरू नका. सुरुवातीला प्रवाहाविरुद्ध पोहा, म्हणजे दमल्यावर प्रवाहच बोटीकडे आणतो. स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात, आणि गार पाण्यात ते कळतही नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा.