बदली-पगारवाढीच्या जुन्या अर्जांसाठी ‘अभिलेख पटल’ : एक परीक्षण

ब्रिटिश अमदानीतल्या सनदी अधिकाऱ्याने बदलीसाठी किंवा पगारवाढीसाठी केलेला अर्ज मुळातून वाचायचा असेल, तर भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराने 2015 मध्ये सुरू केलेले ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ ही फार मोलाची सोय आहे. मोफत नोंदणी केली की ज्या फायलींची छायाचित्रे तिथे चढवली आहेत त्या घरी बसून वाचता येतात, आणि दिल्लीला जाणे ज्याला परवडत नाही अशा हौशी अभ्यासकाला याची किंमत सांगायला नको.

फाइल उघडल्यावर मात्र केवळ अर्ज वाचून थांबू नये. प्रकृती, हवामान, कुटुंबाची ओढाताण, सेवाज्येष्ठता ही कारणे अर्जदार अदबीने मांडतो आणि अर्ज वरिष्ठांमार्फत वर सरकतो. खरा निर्णय कसा झाला हे कळते ते मागे जोडलेल्या टिपणांतून, जिथे सचिवालयातल्या अधिकाऱ्यांनी आद्याक्षरे आणि तारीख घालून आपापले मत नोंदवलेले असते. एकाला सवलत दिली तर इतरांना कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे, ही चिंता त्या टिपणांत वारंवार भेटते.

पगाराच्या बाबतीत 1893 च्या आसपासची कागदपत्रे आवर्जून पाहावीत. चांदीचा भाव कोसळल्यामुळे एके काळी सुमारे दोन शिलिंगांचा (पौंडाचे वीस शिलिंग) असलेला चांदीचा रुपया तोवर सव्वा शिलिंगाच्या घरात आला होता. पगार रुपयांत मिळायचा, पण विलायतेतल्या बायकोमुलांचा खर्च पौंडांत भागवावा लागायचा. त्या तक्रारींची दखल घेऊन सरकारने विनिमय भरपाई भत्ता मंजूर केला आणि ठरावीक मर्यादेत निम्मा पगार पौंडांत मोजताना रुपयाला बाजारभावाऐवजी दीड शिलिंगाचा दर धरला. युरोपीय अधिकाऱ्यांची अडचण खरी होती हे मान्य केले, तरी त्याच सेवेतल्या हिंदी, म्हणजे भारतीय, अधिकाऱ्याला या भत्त्यातून वगळून त्याचा भार मात्र इथल्या रयतेच्या करांवर टाकला गेला, हे वाचताना संताप येतो. काँग्रेसने तेव्हा याला विरोध केला, तो रास्तच होता.

याद्या इंग्रजीत असल्यामुळे शोधही ‘मेमोरिअल’ (सरकारकडे केलेला विनंतीअर्ज), ‘ट्रान्स्फर’ (बदली), ‘एक्स्चेंज कॉम्पेन्सेशन’ (विनिमय भरपाई) अशा शब्दांनी, अर्थात रोमन लिपीत, घ्यावा. नेमणुका आणि बदल्यांसाठी गृह विभाग, तर भत्त्यांसाठी वित्त विभाग आधी पाहावा. भारतीय नावांची स्पेलिंगे निरनिराळ्या प्रकारे लिहिलेली असतात, म्हणून ती बदलून बदलून पाहावीत.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. इलाख्याच्या आतल्या बदल्या सहसा इलाख्याचे सरकारच करत असे. 1863 मध्ये निवड झालेले पहिले हिंदी सनदी अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली; अशा अधिकाऱ्याचा माग काढायचा तर ‘अभिलेख पटल’वर विसंबून चालणार नाही, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागाराकडेच वळावे लागेल. प्रकरण भारतमंत्र्यांपर्यंत, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यापर्यंत, गेले असेल, तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे, म्हणजे त्या मंत्र्याच्या कचेरीचे, दप्तरही पाहावे.